शेवटच्या बाकावरचे मोठे सर

साताऱ्यातल्या आमच्या वैद्यक शाळेचे मोठे सर प्रमुख असूनही दुसऱ्या शिक्षकांच्या तासाला शेवटच्या बाकावर, नेमके माझ्या शेजारी, येऊन बसत. मुकाट्याने टिपणं काढत. शिकवणाऱ्याला घाम फुटायचा आणि आम्हाला हसू आवरत नसे.

युद्धाचे, धान्यटंचाईचे दिवस होते. मी माणदेशातल्या मेंढपाळाचा मुलगा. औषधी मुळ्या मला वासावरून ओळखता येत, पण श्लोक म्हणताना जीभ अडखळायची. परीक्षा सगळी पाठांतराची. दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो तर नाव कमी करून घरी पाठवणार होते.

सरांना परीक्षा रुग्णाच्या खाटेशी न्यायची होती. हुकूम सोडला असता तर कुणाची नाही म्हणायची बिशाद नव्हती. पण हुकूम त्यांच्या स्वभावातच नव्हता. "करून तर बघू," एवढंच ते म्हणत. शास्त्रीबुवा या आमच्या सर्वांत जुन्या शिक्षकांनी विरोधात पाय रोवले होते. विद्यार्थ्यांदेखत आपलं निदान चुकलं तर काय, ही खरी धास्ती. ती ते बोलून दाखवत नसत.

शेवटी सर म्हणाले, "पहिली परीक्षा माझी घ्या." शास्त्रीबुवा परीक्षक झाले. खाटेवर आमच्या भागातली एक म्हातारी धनगरीण होती. सरांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि रिवाजाप्रमाणे तीन दिवसांचं लंघन सांगितलं, म्हणजे नुसतं गरम पाणी. म्हातारीचा चेहरा पडला. मला राहवलं नाही. शेवटचं कधी जेवलीस, असं मी तिला विचारलं.

"चार दीस झालं की रं लेकरा. वाटंनं काय मिळालंच न्हाई. आनि ह्यो बाबा अजून उपाशी ठिवतोय व्हय?"

सर उठले आणि त्यांनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहून पुढे 'नापास' लिहिलं. मग घरून पेज मागवली. शास्त्रीबुवा बराच वेळ फळ्याकडे बघत होते.

"असं चुकलेलं चालणार असेल," ते हळूच म्हणाले, "तर मीही खाटेशी बसेन."

त्या वर्षी परीक्षा खाटेशी झाली आणि मी पास झालो. निकाल ऐकून विहिरीमागे जाऊन मनसोक्त रडलो. छातीवरचा धोंडा उतरला होता.

पुढे सर थकले आणि सांगलीला मुलीकडे राहायला गेले. मी तोवर त्याच शाळेत शिकवू लागलो होतो. भेटायला गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. माझी ख्यालीखुशाली नाही, की स्वतःच्या दुखण्याचा शब्द नाही. पहिला प्रश्न शास्त्रीबुवांचा. आपण निघून आल्यावर सगळं पुन्हा पाठांतरावर गेलं असेल, ही काळजी त्यांना सांगलीतही झोपू देत नव्हती.

मी सांगितलं, शास्त्रीबुवा रोज सकाळी वॉर्डात असतात. परवाच त्यांचं एक निदान चुकलं आणि ते त्यांनीच मुलांना बोलावून दाखवलं.

सरांनी डोळे मिटले. "मग मी सुटलो," म्हणाले, आणि माझ्यादेखतच त्यांना गाढ झोप लागली.