मानाच्या घोडीचं तोंड

दारात कुणी गुळाचं ताट घेऊन आलं की आताशा रत्नम्माच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

उदगीरपलीकडच्या तिच्या गावात खंडोबाची मानाची घोडी गुंडप्पाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या घरी असते. नवस फेडायचा तर देवळात नारळ आणि गुंडप्पाच्या दारात भिजवलेली हरभऱ्याची डाळ न् गूळ, ही रीत कधीची ते कुणालाच ठाऊक नाही. घोडीनं ताटात तोंड घातलं की देवानं घेतलं. पोराला नोकरी लागली, डाळ-गूळ. बोअरला पाणी लागलं, डाळ-गूळ.

लग्न होऊन आली तेव्हा रत्नम्मा घोडं बघून भ्यायली होती. पण नवरा दिवसभर शेतात, सासूचे गुडघे धरलेले. घोडीचं सगळं हळूहळू तिच्याच गळ्यात आलं. आताची चंद्री तर शिंगरू होती तेव्हापासून तिच्या हाताखाली वाढलेली. खरारा करता करता रत्नम्मा तिला सासरच्या सगळ्या तक्रारी सांगायची. न बोलता ऐकून घेणारं त्या घरात तेवढंच एक होतं.

जत्रा तोंडावर आली आणि चंद्री पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं झोकून उभी राहायला लागली. वळायचं म्हटलं की तापल्या तव्यावर पाऊल पडल्यासारखी चमकायची. रत्नम्मानं खुरावर हात ठेवला. कढत होता.

उदगीरहून जनावरांच्या डॉक्टर शिल्पाबाई आल्या. खूर दाबून बघितले, इंजेक्शन दिलं आणि मग डबीतून केसासारख्या बारीक सुया काढल्या.

"सुया? खुरात?" गुंडप्पा एक पाऊल मागं सरला.

"खुरात नाही हो. वरच्या कडेला, पायाला, पाठीला. औषध चालूच राहील. सुयांनी ठणका उतरायला मदत होते."

सुया लागल्या तशी चंद्रीची मान हळूहळू खाली आली, डोळे मिटले, खालचा ओठ लोंबायला लागला. अंगणाच्या दगडी गडग्यावरून बघणारी शेजारीण म्हणाली, "डॉक्टरबाई, माझ्या गुडघ्यात बी दोन टोचा की."

"तुम्ही लाथ मारणार नाही कशावरून?" डॉक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या. सगळे हसले.

जाताना मात्र त्यांनी रत्नम्माला बाजूला घेतलं. "दुखणं खाण्यातून आलंय. डाळ-गूळ जास्त झाला की घोड्याच्या खुरात आग उतरते. सुया नुसता ठणका कमी करतात, मूळ दुखणं त्यांनी जात नाही. खाली वाळू पसरा, सुकं गवत घाला. गूळ, डाळ कणभर नको. खुरातलं हाड सरकलं तर ती परत उभी राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी चंद्री हौदापर्यंत चालत गेली आणि तिथंच घात झाला. देवाची घोडी बरी झाली म्हणून लोक ताटं घेऊन आले. रत्नम्मा दारात आडवी उभी राहिली. "दादा, नका देऊ. तिला बाधतंय." "अगं, आमच्या एका मुठीनं काय व्हतंय?" प्रत्येकाची एकच मूठ. ती पाणी आणायला वळली की गडग्यावरून हात आत यायचा. चंद्री पुन्हा पाय लांबवून उभी.

डॉक्टरबाई परत आल्या, परत सुया लावल्या. "वहिनी, मी टोचत राहायचं आणि गावानं चारत राहायचं, असंच चालायचं का?"

तेव्हा रत्नम्मानं मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधायचं मुसकं काढलं आणि घोडीला बांधलं. गवत घालताना तेवढं सोडायचं. गावात बोंब झाली. पालखीचे मानकरी मन्मथअप्पा घरी आले.

"गुंडप्पा, देवाच्या घोडीचं तोंड बांधतंय व्हय कुणी?"

गुंडप्पानं बायकोकडं बघितलं. रत्नम्मानं पदर सावरला. "अप्पा, तोंड बांधलं म्हणून पाय तरी राहतील."

"आन् जत्रंला पालखीम्होरं?"

"न्हाई चालणार ती."

अप्पा चहा न घेताच गेले. त्या संध्याकाळी ती गोठ्यात आली तर मुसकं सुटून खाली पडलेलं आणि सासू कमलम्मा पदराला हात पुशीत उभी. सगळ्या गावाला अडवलं आणि घरातलंच माणूस राहिलं.

"मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढती तू," सासू म्हणाली. "म्या देवाचं म्हणून दिलं."

रत्नम्मा भांडली नाही. भांडून भांडून ती थकली होती. तिनं सासूचा हात धरून तिला खाली टेकवलं आणि तो हात चंद्रीच्या खुरावर ठेवला. कमलम्मानं दुसरा हातही टेकवला. "लई तापलंय गं," म्हणाली. मग, "पण गुळानं कुठं असं व्हतंय का." तरी पुन्हा काही तिनं मुसक्याला हात लावला नाही.

जत्रेच्या दिवशी घोडीऐवजी तिची झूल गावातल्या दोघांनी हातांवर धरून पालखीपुढं नेली. गुंडप्पा त्यांच्याबरोबर गेला, घरात कुणाशी न बोलता. डॉक्टरबाईंनी सकाळीच येऊन सुया लावल्या होत्या. चंद्री मान टाकून वाळूवर उभी होती. पाय आज थोडे जवळ घेतले होते.

हलगी दारासमोर आली आणि गडग्यावरून गुळाचा खडा येऊन वाळूत पडला. देवाचं म्हणून टाकलेलं, उकिरड्यात टाकता येईना, पायाखाली जाऊ देता येईना. रत्नम्मानं उचलला, फुंकला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा आला. तोही खाल्ला. तिसरा कमलम्माच्या पुढ्यात पडला. सासूनं तो हातात घेऊन सुनेकडं बघितलं.

"म्या खाऊ? मला साखरंचा आजार हाय."

"मग त्यांना वरडा तरी," रत्नम्मा भरल्या तोंडानं म्हणाली.

कमलम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि गडग्याकडं निघाली. तेवढ्यात पलीकडून आणखी एक खडा आला.