भिंतीकडे तोंड केलेले घड्याळ

दामोदर मोहिते गेल्याचे वर्तमान मला भाईंदरला, कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाशी समजले. समोर पक्षकार बसलेला असताना मी टंकयंत्रावरचा अर्ज अर्धवट सोडून उठलो... माझ्या प्रदीर्घ अर्जलेखनात असे प्रथमच घडले.

पूनम सागर वसाहतीतील माझे हे शेजारी लष्करी विमानांच्या दिशादर्शक पडद्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. विमान या क्षणी कोठे आहे, हे वैमानिकास त्या पडद्यावर दिसे. अधिक ते सांगत नसत; आणि गुपिते राखणे हा माझाही व्यवसाय असल्याने मी विचारीत नसे. एका रविवारी त्यांच्या घरी चहा घेताना भिंतीवरचे घड्याळ मागे पडलेले त्यांना दिसले. त्यांनी ते उतरवून कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवले.

“झालं, दिली त्याला शिक्षा,” त्यांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणाल्या.

“शिक्षा कसली? खोटी वेळ दाखवण्यापेक्षा काहीच दाखवू नये त्याने. काय, तात्या?”

पुढे हेच त्यांचे दुखणे झाले. संगणकावर कामाचा भार वाढला की विमान पुढे जाई आणि पडद्यावर मागचीच जागा राही. अशा वेळी पडदा कोरा व्हावा, असा मोहित्यांचा आग्रह. कोऱ्या पडद्याने वैमानिक गोंधळेल, शेवटची जागा दिसत राहू द्या, असे वरिष्ठांचे मत. मी सविस्तर निवेदन तयार करून देण्याची तयारी दर्शवली.

“तुमचं ‘सविनय’ संपेपर्यंत विमान डोंगरात घुसेल, लेखकमहाशय,” ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

अखेर त्यांनी सही केली... वरिष्ठांच्या म्हणण्यावर.

त्यानंतर विमानाचा आवाज आला की ते बोलता बोलता थांबत. आवाज पूर्ण विरेपर्यंत घास हातातच राही.

“अहो, हे प्रवासी विमान. सांताक्रूझला चाललंय,” मी समजावी.

“माहितीये.”

“आणि तुमच्या त्या विमानांचं काही वाईट घडल्याचं कुठं छापून आलेलं नाही.”

“घडलं तरी पडद्यामुळे घडलं, हे मला कोण कळवणार, तात्या?”



परवा वहिनींना भेटावयास गेलो. निघताना वेळ पाहण्यासाठी मान वर केली, तर भिंतीवर नुसता खिळा. घड्याळ कपाटावर, पाठमोरे.

“सेल आणून देऊ का?”

“आणा सवडीनं, भावोजी. तोवर असू दे तसंच.”

इतक्यात इमारतीवरून विमान गेले. आवाज विरेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.