खिळे ठोकलेल्या दोन खिडक्या

माझी मावशी सव्वीस वर्षं रक्तपेढीत पिशव्या जुळवते. रक्ताची पिशवी बाहेर जाण्याआधी तिच्यावरचा नंबर आणि रुग्णाची नोंद ताडून पाहायची आणि चिठ्ठीवर सही करायची, हे तिचं काम. मावशीची सही नसेल तर दारात मंत्र्याचा मेहुणा उभा असला तरी पिशवी फ्रिजमधून हलत नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई. सहकारी पाठीमागे तिला हेडमास्तरीण म्हणतात. ते तिला ठाऊक आहे, आणि आवडतं, असा माझा जुना संशय आहे.

तिचा नियम एकच : आकडा डोक्यातून न्यायचा नाही. एकीकडे नंबर वाचला, मान वळवली आणि दुसरीकडे आठवणीनं ताडला, हे तिच्या टेबलावर चालत नाही. दोन्ही नंबर एकाच वेळी डोळ्यांपुढे हवेत आणि बोट एकेका अंकावरून फिरायला हवं. जुन्या प्रोग्राममध्ये ते जमायचं. डावीकडे पिशवीची खिडकी, उजवीकडे रुग्णाची.

मग तो प्रोग्राम काढून वेबवर चालणारा नवा बसवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं, आणि त्याचे स्क्रीन मी बनवले. देखणे बनवले होते, खोटं कशाला बोलू. एका वेळी एकच पान. रुग्णाच्या पानावर त्याच्यासाठी तपासलेल्या पिशवीचा नंबर बघा, पुढे जा, पिशव्यांच्या पानावर तो नंबर शोधा, 'जुळलं' दाबा. आमच्या सरांचं मत काळ्या दगडावरची रेघ होतं : वेब म्हणजे पान. ब्राउझरच्या पोटात आणखी छोट्या खिडक्या उघडायच्या, त्या सरकवत बसायचं, एकीखाली दुसरी हरवायची, हा डेस्कटॉपचा जुना पसारा आपण वेबवर आणायचा नाही. मलाही ते अगदी पटलेलं होतं.

मावशीनं नवा स्क्रीन दोन मिनिटं पाहिला आणि पेनाला टोपण लावलं. "यावर मी सही करणार नाही."

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर मॅडम समंजस होत्या, पण त्यांच्यावरही वरून दबाव होता. "बाकी कोणाची तक्रार नाही हो," त्या म्हणाल्या.

"बाकीचे डोक्यातून नेतात."

"सोमवारपासून याच्यावर सही करा, नाहीतर खाली नोंदणीच्या काउंटरवर बसा. माझा नाइलाज आहे."

"बसते," मावशी म्हणाली.

मला भयंकर राग आला. सव्वीस वर्षांचं काम एका स्क्रीनपायी सोडायचं? शनिवारी दुपारी रक्तपेढीत जाऊन मी तिला तोंडावर सांगितलं, "मावशी, नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललंय तुझं."

तिनं खुर्ची रिकामी केली. "बस. तूच जुळव."

शिकाऊ लोकांच्या सरावासाठी मुदत संपलेल्या बारा पिशव्या एका कप्प्यात वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या तिनं माझ्यापुढे मांडल्या. मीच बनवलेला स्क्रीन, भिणार कशाला? पान बघ, पुढे जा, पिशवी उचल, 'जुळलं'. बाराही पटापट झाल्या, बाराही ठिकाणी हिरवी खूण उमटली, आणि मी ऐटीत मागे रेललो. मावशीनं सातवी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

रुग्णासाठी तपासलेली पिशवी होती ४०७८१. मी उचलली होती ४०७१८. रक्तगट तोच, त्यामुळे मशीननं खुशाल हिरवी खूण दिली होती. ते फक्त गट आणि मुदत बघायचं. सरावाच्या पिशव्यांची मुदतही सरावापुरती पुढची भरलेली असते. कोणती पिशवी कोणत्या रुग्णाच्या रक्ताशी तपासली, हे माणसानं बघायचं होतं, आणि माणूस म्हणजे मी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मावशी एवढंच म्हणाली, "चहा घेणार?" सोमवारी ती खुर्चीवरची आपली उशी उचलून नोंदणीच्या काउंटरवर जाऊन बसली. माझी चूक तिनं कोणाला सांगितली नाही, आणि मीही नाही.

सांगितली नाही, पण कामाला लागलो. सरांना न विचारता आठवडाभर खपून वेबच्या पानावर खिडक्या बनवल्या. सरकणाऱ्या, लहानमोठ्या होणाऱ्या, मिटणाऱ्या, सगळ्या थाटामाटासकट. मावशी जेवणाच्या सुट्टीत वर आली. तिनं एक खिडकी ओढून दुसरीवर नेली.

"झाकली. आता?"

"सरकवायची ना बाजूला."

"आणि गडबडीत विसरले तर? तुझे सर अगदीच वेडे नाहीत हं. मला दोनच दे. शेजारी शेजारी, खिळे ठोकलेल्या."

तशा दिल्या. ते पाहून सर तडक रक्तपेढीत आले आणि मॅडमच्या खोलीत बैठक बसली. मावशीलाही बोलावलं होतं.

"हे वेबला शोभत नाही," सर म्हणाले. शोभायला ती काय दिवाणखान्यातली फुलदाणी आहे? असं माझ्या मनात आलं, तोवर सर मावशीकडे वळले. "आणि बाई, गरजही नाही. मशीन हिरवी खूण देतंच की."

"मग सही मशीनची घ्या," मावशी म्हणाली.

मॅडमनी हात वर करून दोघांना थांबवलं. "मला एवढंच सांगा, नव्या स्क्रीनवर आतापर्यंत चुकीची पिशवी उचलली गेली आहे का?"

"एकही नाही," सर म्हणाले.

मी मावशीकडे पाहिलं. एका वाक्यात तिची खुर्ची तिला परत मिळाली असती. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली होती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, स्वतःचा, सरांचा, त्या देखण्या पानांचा.

"एक गेली आहे," मी म्हणालो. "सरावात. मी उचलली. हा स्क्रीन ज्यानं बनवला त्यानं. बारातली सातवी. नंबर डोक्यातून नेला आणि शेवटचे दोन अंक उलटे झाले. मशीननं हिरवी खूण दिली. सर, वेबला काय शोभतं ते आपण ऑफिसात ठरवू. या टेबलावर दोन खिडक्या राहतील. काढायच्या असतील तर दुसऱ्या कोणाला सांगा, मी काढणार नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि ती पिशवी सरावाची नसती तर?" त्यांनी मला विचारलं.

मावशीनं कॅलेंडरवरची नजर काढली.

"तरी गेली नसती," ती म्हणाली. "माझी सही नव्हती तिच्यावर."