वाचलेलं वर्ष

तरुणपणी मी सोव्हिएत देशातल्या एका पोलाद कारखान्यात प्रशिक्षणाला होतो. तिथल्या कँटीनमध्ये क्लावामावशी सूप वाढायच्या. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या बाकावर टेकल्या आणि बसल्या बसल्याच झोपल्या. भोंगा वाजला तरी पापणी हलली नाही.

जाग आल्यावर त्या ओशाळून हसल्या. "इथल्या पहिल्या भट्टीचा पाया खणताना आम्ही उभ्या उभ्या झोपायचो रे."

तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. धाकट्या बहिणीला घेऊन गावाहून आलेल्या. दोघी तंबूत राहायच्या, गोठलेली जमीन पहारीने फोडायच्या. पाच वर्षांची योजना चार वर्षांत पुरी करायचा हुकूम होता. दुसऱ्या हिवाळ्यात बहीण तापाने गेली. तिला पुरायला मावशींना अर्धा दिवस सुट्टी मिळाली.

"मग झाली चार वर्षांत?" मी विचारलं.

"झाली ना! बँड वाजला. एक वर्ष वाचलं म्हणाले. मला वाटायचं, ते वर्ष आम्हाला देतील. झोपायला."

कारखाना खरा होता. त्याच्या पोलादाचे रूळ, पूल, ट्रॅक्टर, सगळं खरं होतं. आमच्या देशालाही तेच हवं होतं, तेही लवकर. म्हणून तर मी तिथे होतो.

"पडा अजून थोडं," एवढंच म्हणालो.

त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. पुढच्या पाळीचे कामगार आत आले, मावशींकडे पाहून दारातच थबकले, आणि मग चमचे न वाजवता आपापलं सूप वाढून घेऊ लागले.