हिरव्या पेनाची पॉवर

एके काळी माझ्या सहीला पूर्ण तीन आठवडे सरकारी किंमत होती. सरकारला याची कल्पना नव्हती.

आम्ही तेव्हा खडकीला, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील, म्हणजे आमचे आण्णा, फॅक्टरीत चार्जमन होते. (घरातला चार्ज आईकडे होता, पण त्याची ऑर्डर कधी निघाली नव्हती.) मी बी.कॉम. होऊन वर्षभर घरी बसले होते. त्याच सुमारास पुण्यात जिकडेतिकडे काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. काम सोपं होतं. परदेशातल्या माणसाचा फोन उचलायचा, त्याचं ओरडणं ऐकून घ्यायचं आणि "सॉरी सर, आय अ‍ॅम नॉट ऑथराइज्ड" असं गोड आवाजात सांगून फोन वरच्याकडे द्यायचा. हे वाक्य मी दिवसातून पन्नास-साठ वेळा म्हणायचे.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आण्णांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"कस्टमर केअर एक्झिक्युटिव्ह," ते म्हणाले. "एक्झिक्युटिव्ह?"

"हो."

"पहिल्याच पोस्टिंगला?"

इथे आण्णांविषयी थोडं सांगायला हवं. इंग्रजी शब्दांवर त्यांची फार श्रद्धा होती, पण सगळ्या नाही, फक्त हुकमाच्या शब्दांवर. भाजी, पाऊस, ताप वगैरे त्यांना मराठीत चालायचं. अधिकाराचा विषय निघाला की मात्र गाडी इंग्रजीत शिरायची. रजा 'सँक्शन' व्हायची, बदलीची 'ऑर्डर' निघायची, आणि ज्याच्याकडे 'पॉवर' असेल त्याच्याशी आण्णा फोनवरसुद्धा उभं राहून बोलायचे. मला लहानपणापासून याचं कुतूहल होतं. एकदा मी विचारलंच, "आण्णा, अधिकार आणि पॉवर यात फरक काय?" त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "अधिकार आपल्याला असतो. पॉवर साहेबाला असते." मी तो फरक अजून शोधते आहे.

तर, आण्णांच्या माहितीत एक्झिक्युटिव्ह दोनच. एक, पाणीपुरवठ्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, ज्यांची जीप येऊन गेली की नळाला पाणी यायचं. दुसरे आमच्याच लाइनीतले साळवे काका, स्पेशल एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट. दाखल्याच्या झेरॉक्सवर काकांनी शिक्का मारून सही केली की तिची 'ट्रू कॉपी' व्हायची. त्याशिवाय कॉलेज तिला कागदसुद्धा मानत नसे. हे साळवे काका नेमके त्या जूनमध्ये मुलाकडे नाशिकला कायमचे राहायला गेले आणि ऐन अ‍ॅडमिशनच्या दिवसांत आमच्या क्वार्टर्सना शिक्काच उरला नाही.

"काळजी कशाला? आमच्या घरी आहे की एक्झिक्युटिव्ह," आण्णा साऱ्या लाइनीत सांगून आले.

"अहो आण्णा, ते वेगळं असतं," मी म्हटलं.

"स्पेलिंग एकच आहे ना?"

स्पेलिंग एकच होतं.

मी तिथेच ठणकावून नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मला ते आवडत होतं. मला न्यायला दुपारी कंपनीची गाडी यायची, ड्रायव्हर खाली उतरून "मॅडम" म्हणून हाक मारायचा, माझ्या गळ्यात फोटोचं कार्ड असायचं आणि खिडक्याखिडक्यांतून लोक बघायचे. रोज साठ वेळा 'मला अधिकार नाही' म्हणणाऱ्या माणसाला घरबसल्या कुणी अधिकार देऊ केला, तर तो परत करवत नाही.

शिक्का बनवायला आण्णा मला नारायण पेठेत घेऊन गेले. दुकानदाराने मजकूर वाचला आणि कागद परत आमच्याकडे सरकवला.

"एवढं बसणार नाही. काहीतरी कापा."

"नाव कापता येणार नाही," आण्णा म्हणाले.

"मग कस्टमर कापा."

"आणि केअर?"

"कस्टमरच नाही, तर केअर कुणाची घेणार?"

अशा रीतीने, केवळ जागेअभावी, मी 'संगीता भालेराव, एक्झिक्युटिव्ह, पुणे' झाले. आण्णांनी येताना एक हिरवं पेन घेतलं, कारण त्यांचे मोठे साहेब हिरव्या शाईने सही करायचे. शिवाय माझी जुनी सही त्यांनी रद्दच केली. "ही वाचता येते," ते म्हणाले. "साहेबाची सही वाचता येता कामा नये." मग एक अख्खा रविवार मी नव्या सहीचा सराव केला: आधी एक वेटोळं, मग एक झटका, शेवटी लांब शेपूट.

पहिली आली शेजारची सुजाता, आईला घेऊन. तिचे वडील नव्हते. आई, वंदना मावशी, ब्लाउज शिवून घर चालवायच्या. सुजाताला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जायचं होतं. आमच्या लाइनीतून तिकडे अजून एकही मुलगी गेली नव्हती. मार्कशीट, जातीचा दाखला, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांच्या झेरॉक्स तिने माझ्यापुढे ठेवल्या.

"मावशी, मला तशी पॉवर नाहीये," मी एकदा प्रामाणिकपणे सांगून पाहिलं.

"सहीला पॉवर कशाला लागते? पेन लागतं," मावशी म्हणाल्या, आणि आण्णांनी पेनाचं टोपण काढून दिलं.

मग लोंढाच सुरू झाला. रात्री उशिरा शिफ्टवरून आल्यामुळे सकाळी मी झोपलेली असायचे, म्हणून आण्णांनी दाराला पाटी लावली: 'ट्रू कॉपी ११ ते १२. मॅडमना उठवल्यास सही मिळणार नाही.' कुणी रेशनकार्ड आणलं, कुणी पेन्शनचे कागद. पवार काकांना तर चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. त्यांच्या अंगणातले पेरू चोरताना त्यांनी मला तिसरीत पकडलं होतं. मी हिरव्या शाईत लिहिलं, 'यांची वर्तणूक मी लहानपणापासून पाहत आहे.'

पाणी गेलं त्या दिवशी लाइनीतल्या बायका आल्या. "तुमच्याच लेव्हलचे आहेत ते इंजिनिअर. लावा की फोन." मी लावला. तिकडून कुणीतरी "साहेब साइटवर आहेत" म्हणालं, आणि मी सवयीने "थँक यू फॉर कॉलिंग" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी आलं! (येणारच होतं. फुटलेला पाइप जोडून झाला होता.) पण त्यानंतर मी कोण आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका राहिली नाही. माझ्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दोन वाजता सुजाता दारात उभी. फॉर्म परत आला होता.

"ताई, खिडकीवरचे सर विचारतायत, ही एक्झिक्युटिव्ह कोण? आज शेवटचा दिवस आहे. पाचला खिडकी बंद."

ती रडत नव्हती. मागे उभ्या वंदना मावशी रडत होत्या. त्या पोरीचं अख्खं वर्ष माझ्या त्या वेटोळ्यात अडकलं होतं. तेवढ्यात कंपनीची गाडी आली. आज येत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, रजा सँक्शन आहे का?" मी आण्णांना आणि सुजाताला घेऊन रिक्षात बसले. सगळे मूळ दाखले तिच्या मांडीवरच्या पिशवीत होते.

कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कनी माझा शिक्का उजेडात धरून पाहिला.

"आपणच का एक्झिक्युटिव्ह?"

"हो."

"नक्की काय एक्झिक्यूट करता आपण?"

"फोन उचलते," मी म्हटलं.

"मग हा उचला. केव्हाचा वाजतोय."

फोन खरंच वाजत होता. मी खरंच उचलला. "थँक यू फॉर कॉलिंग, हाउ मे आय हेल्प यू?" पलीकडच्या माणसाने घाबरून फोन ठेवला. "चांगलं आहे," क्लार्क म्हणाले. "आमचाही त्रास कमी झाला."

मग आण्णा पुढे झाले. "साहेब, मी चार्जमन आहे. मी सही केली तर?"

"गॅझेटेड?"

आण्णा चष्मा पुसू लागले. "नॉन-गॅझेटेड."

"मग कसं जमायचं?" क्लार्क म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग सुजाताकडे, आणि आवाज जरा खाली आणला. "दुसऱ्या मजल्यावर लेक्चरर मॅडम आहेत. गॅझेटेड आहेत. पळा."

दुसऱ्या मजल्यावर एक साधीशी बाई डबा आवरत बसली होती. टेबलावर पाटी नव्हती, दाराशी शिपाई नव्हता. तिने हात पुसले आणि म्हणाली, "ओरिजिनल दाखवा." मग प्रत्येक दाखला तिने ओळीवर बोट ठेवून झेरॉक्सशी ताडून पाहिला. नाव, तारीख, नंबर, सगळं. मी बघतच राहिले. तीन आठवड्यांत मी एकाही माणसाकडे ओरिजिनल मागितलं नव्हतं. ते मागायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. ट्रू कॉपी म्हणजे खरी प्रत, पण कशावरून खरी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता, आणि लहानपणापासून मला म्हणे शब्दांचं कुतूहल!

तिने पर्समधल्या साध्या पेनाने सह्या केल्या.

"निळं?" आण्णा माझ्या कानात पुटपुटले.

पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म आत गेला. सुजाताने पावती दोन्ही हातांनी धरली. मी मात्र जिन्यातच बसले.

परतताना खडकी आल्यावर आण्णा रिक्षात म्हणाले, "तीस वर्षं माझ्यामागे 'नॉन' लागलंय. तुझ्यामागे तरी लागू नये, असं वाटलं." मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घरोघर जाऊन माफी मागून सगळ्या ट्रू कॉप्या परत घेऊन आलो. पवार काकांनी मात्र त्यांचा दाखला दिला नाही. म्हणाले, एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं.

सुजाता आज सरकारी इंजिनिअर आहे, गॅझेटेड. आण्णा तिच्याशी फोनवर उभं राहून बोलतात.

आणि सरकारने आता नियमच बदललाय. आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करायची, 'सेल्फ अटेस्टेड'. म्हणजे ती पॉवर शेवटी मलाही मिळाली. परवा बँकेत मी मोठ्या ऐटीत तशी कॉपी दिली, तर काउंटरवरच्या मुलीने ती परत केली. "मॅडम, ही सही तुमची वाटत नाही."

बँकेबाहेर येऊन मी सुजाताला फोन लावला. ती पोट धरून हसली, मग म्हणाली, "ताई, खरं सांग. वेटोळं काढलंस ना?"

"काढलं."

"आणि पेन?"

मी हातातल्या हिरव्या पेनाला टोपण लावलं आणि रोज पन्नास-साठ वेळा म्हटलेलं तेच जुनं वाक्य तिला गोड आवाजात ऐकवलं: "सॉरी मॅडम, आय अ‍ॅम नॉट ऑथराइज्ड."