दुपारपर्यंतची बॅटरी

कित्येक दिवसांत मुलाने फोनच्या बॅटरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि आईला नेमका त्याचाच घोर लागला होता. नवा फोन घरात आल्यापासून रोज संध्याकाळी दारात चपला काढता काढता तो म्हणायचा, "आजही दुपारीच मान टाकली यानं." मग हातपाय धुवायच्या आधी फोन चार्जिंगला लावायचा आणि तो चालू होईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहायचा. आता फोन कपाटावर तसाच पडून असायचा, आणि हा त्याच्याकडे बघतही नव्हता. आईने आडून आडून विचारलं, तर म्हणाला, "राहू दे. घाई काय आहे."

मुळात मोजकं बोलणाऱ्या माणसाने असलेली एक कुरकुरही सोडून दिली, की आईने काय समजायचं?

लहानपणापासून तो असाच. रडायचासुद्धा आवाज न करता. आईचं आयुष्य बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेलं. दिवसभर परक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ती घरी यायची, आणि पोटच्या पोराकडून एका प्रश्नाचं उत्तर मिळवताना तिच्या नाकी नऊ यायचे. पण त्याच्या हाताला गुण होता. फाटक्या खुर्चीची गादी उसवून होती तशी शिवून ठेवायचा. पुढे सोफे बनवणाऱ्या कारखान्यात लागला तो तिथेच चिकटला. तिथे सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात. लाकडी सांगाडे करणारे सुतारकाका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात, "हा ओरडला तर समज, पिन बोटात गेली. आणि नुसता 'हं' म्हणाला, तरी पिन बोटातच गेलेली असते."

लग्न झालं ते बोलक्या मुलीशी. आईला वाटलं, बरं झालं, घर भरेल. भरलंही. सासूसुनेची चांगली गट्टी जमली आणि तो मधे बसून ऐकायचा. पण नवऱ्याने नुसतं ऐकत बसावं म्हणून कोणी लग्न करत नाही. "आई, मी भिंतीशी संसार करतेय," असं सून एकदा म्हणाली, तेव्हा आईला तिची समजूत घालता आली नाही. भांडणं झाली असती तर निदान वाफ गेली असती, पण भांडायलाही दोन तोंडं लागतात. शेवटी सून लेकीला घेऊन माहेरच्या गावी गेली आणि तिथेच नोकरी धरली. जाताना तिने एवढंच ठरवून घेतलं, की पोरीला वाटेल तेव्हा ती बाबाला फोन करेल, त्याने आपणहून करायचा नाही. पोरीच्या जिवाला ओढाताण नको. त्याने मान हलवली. तो 'का' एवढं जरी म्हणाला असता, तरी सून उंबऱ्यात थबकली असती, असं आईला अजून वाटतं.

गंमत अशी, की लेक निघाली बापाच्या वळणावर. तिला घरात ठकी म्हणतात. ठकी शाळेतून आली की तिच्या वाट्याला आलेल्या जुन्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावायची. इकडे तो आपला फोन सोफ्याच्या पाठीला टेकवून कामाला लागायचा, ती तिकडे चित्रं रंगवायची. दोघं एक अक्षर बोलायचे नाहीत. मधेच ती चित्र वर धरायची, तो मान डोलवायचा. कधी तो कापडाचे दोन तुकडे धरायचा, ती त्यातल्या एकाकडे बोट दाखवायची. लोकांच्या दिवाणखान्यातल्या उशांचे रंग असे परगावी बसलेली एक पोर ठरवत होती. हे आईला सुतारकाकांकडून कळलं. "दोन मुके मिळून कारखाना चालवतायत," असंही ते वर म्हणाले.

मग त्याचा जुना फोन एका जड सोफ्याखाली चिरडला, हा नवा आला, आणि बॅटरीचं दुखणं मागे लागलं.

रविवारी आईने तो फोन थोडा चार्ज केला, पिशवीत टाकला आणि दुकान गाठलं. नव्या फोनची बॅटरी दिवसभरही पुरत नाही म्हणजे काय, म्हणून तिने दुकानदाराला चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा निमूट तपासत राहिला. बॅटरी ठणठणीत होती. तिला खात होता तो स्क्रीनचा उजेड. स्क्रीन आपोआप बंदच होऊ नये, अशी कोणीतरी मुद्दाम सोय करून ठेवली होती, आणि उजेडही होता तेवढा सगळा वाढवलेला.

"काकू, चिरंजीव कामावर सिनेमे बघतात वाटतं," दुकानदार म्हणाला.

"स्वतःच्या लग्नाची कॅसेट बघायला बसला नाही तो," आई म्हणाली. पण तिचं लक्ष उडालं होतं. दुकानदाराच्या बोटाखालून कॉलची यादी सरकली होती आणि तीत ठकीचं नाव होतं. सगळे दुपारचे, न घेतलेले कॉल. आधी रोजचे, मग एखाद दिवसाआडचे. अलीकडचा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायचं निमित्त करून ती कारखान्यात गेली. कॉम्प्रेसरच्या घरघरीत कानावर पडलेलं कळत नव्हतं. भिंतीवर लाल अक्षरात पाटी होती, की इथे चार्जिंग करू नये. थिनर आणि फोम कधी पेटतील याचा नेम नाही, म्हणून फोन चार्जिंगला लावायचा तर लांब मालकाच्या खोलीत. तो जमिनीवर बसून फोमला सोल्यूशन लावत होता. चिकट सोल्यूशनने हात कोपरापर्यंत बरबटले होते. तिने त्याला मागच्या पायरीवर बोलावलं आणि स्क्रीनचं विचारलं.

तो थिनरच्या फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. आईला वाटलं, आता हे उत्तरही पोटातच राहणार.

"हे लवकर निघत नाही," तो शेवटी म्हणाला. "एकदा तिचा कॉल आला आणि माझे हात मोकळे होईपर्यंत बंद झाला. म्हणून सकाळी, हात स्वच्छ असतानाच, तिच्या मेसेजचं पान उघडून समोर ठेवायचो. तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' आलं की कळतं, शाळेतून आली. मग हात धुवायला वेळ मिळतो."

"आणि ती येईस्तोवर बॅटरी संपून जायची."

"मला वाटलं, फोनच खराब आहे."

आईने दुकानात कळलं ते सांगितलं. त्याचं फडकं थांबलं. सकाळपासून वाट बघत बसल्यामुळेच पोर फोन करायची तेव्हा तो बंद सापडत होता, हे त्याच्या ध्यानात आलेलं तिला दिसलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटून गेलं.

आता ती सोय काढून टाकू, मग फोन पुरेल, ठकीही करेल, असं आई भराभर बोलत सुटली. त्याने मान हलवली. आता ती नाही करणार, तो म्हणाला; ठकीने मधे लिहून विचारलं होतं, बाबा, तुम्ही फोन बंद का ठेवता?

"मग तू काय लिहिलंस?"

"बॅटरी."

"एवढंच?"

"तिने विचारलं, रोज? मला पुढे काही सुचलं नाही."

त्यानंतर ठकीने ना काही लिहिलं, ना फोन केला. आईने परोपरीने सांगून पाहिलं, एकदा तू लाव, बाप आहेस तिचा. तो म्हणाला, "मी नाही करणार म्हणून शब्द दिलाय, आई," आणि आत जाऊन पुन्हा खाली बसला. समोर टेकवायला फोन नव्हता, तरी तो बसला मात्र तोंड सोफ्याच्या पाठीकडे करूनच.

आई पायरीवरून उठली नाही. सून गेल्यापासून दोघींचं बोलणं नव्हतं. आधी फोन कोणी करायचा, यातच दिवस गेले होते. सुनेने काय म्हणून ऐकावं? पोरगी आता सावरली असेल, तिला पुन्हा का हलवता, असं ती म्हणाली तर आपल्याकडे त्याला उत्तर नाही, हेही आईला कळत होतं. संसाराचं ती काढणार नव्हती. मुलाची वकिलीही करणार नव्हती. त्याने लेकीसाठी फोन कधी बंद ठेवला नव्हता, तिचा कॉल चुकू नये म्हणून तो सकाळपासून समोर उघडा ठेवून बसायचा, एवढंच ठकीला कोणीतरी पूर्ण वाक्यात सांगायला हवं होतं, आणि तो ते या जन्मी सांगणार नव्हता.

शब्द त्याने दिला होता. आईने कोणालाच काही कबूल केलं नव्हतं. ठकी शाळेतून यायच्या आत सुनेला गाठायला हवं, म्हणून तिने आपला फोन पिशवीतून काढला आणि कॉम्प्रेसरच्या आवाजापासून दूर, फाटकाबाहेर चालू लागली.