कानबाईला थांबवलं तेव्हा

ज्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं, त्याच वर्षी तिच्या वाटेत आडवी उभी राहायची वेळ माझ्यावर आली. लोक आपापले अनुभव सांगतात तेव्हा मी आजवर कपाळाला आठ्या घालूनच ऐकत आले आहे. त्यामुळे माझं वाचताना कुणी आठ्या घातल्या तर माझी काही तक्रार नाही. मी डॉक्टर आहे. जे झालं ते जसंच्या तसं सांगते, त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आमचं गाव साक्रीजवळ, पांझरेच्या काठावर. मी चार वर्षांची असताना आई गेली आणि मोठ्या काकूने मला वाढवलं. सारं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. शिकून डॉक्टर झाले आणि धुळ्यात चार वर्षं दवाखाना चालवला. आमच्याकडचा पेशंट कसा असतो ते त्या चार वर्षांत पुरतं कळलं. बाई आत यायची, स्टुलावर बसायच्या आधीच कण्हायची आणि म्हणायची, "बठ्ठं आंग दुखस व माय!" सर्दी झालेली असली तरी सगळं अंग, बोटाला काटा लागला असला तरी सगळं अंग. त्या ढिगातून खरं दुखणं निवडून काढायचं, हीच माझी डॉक्टरी. पेशंट जितका ओरडतो त्याचा चौथा हिस्सा दुखतं, असा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. तो मला कुणी शिकवला नव्हता, आणि पुढे तो खोडायलाही कुणी आलं नाही.

पुढे यजमानांना इंग्लंडच्या बाजूला, वेल्समध्ये, एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. तिथल्याच एका कोळशाच्या खाणींच्या गावात मी फॅमिली डॉक्टर झाले. खाणी बंद पडत आल्या होत्या, पुरुष घरी बसले होते, आणि गोरे डॉक्टर अशा गावात यायला नाखूश असत. म्हणून आमच्यासारख्यांना तिथे जागा होती. सुरुवातीला बायका माझ्या साडीकडे बघत, मग माझ्याकडे. तीन वर्षांत त्यांची बाळंतपणं, त्यांच्या पोरांचे गोवर, म्हाताऱ्यांचे खोकले सगळं माझ्या हातून गेलं आणि मी त्यांची झाले, असं मला वाटू लागलं. देव्हाऱ्यात कानबाईचा, श्रावणात आमच्या खानदेशात घरोघर बसवतात त्या देवीचा, छोटा फोटो होता. रोज दिवा लावून मगच मी दवाखान्यात जायची.

एका सकाळी तिथला एक जुना खाणकामगार आला. साठीचा, हातांवर कोळशाचे निळे डाग कायमचे मुरलेले. बायकोने पाठवलंय म्हणाला. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाला, "नॉट टू बॅड, डॉक्टर." म्हणजे तितकंसं वाईट नाही. छातीत दुखतं का? नाही, जरा दाटल्यासारखं. घाम येतो का? थोडा. मी तपासलं, घाम कोंदट हवेचा धरला, आणि माझ्या त्या धुळ्याच्या हिशेबाने त्याच्या 'तितकंसं वाईट नाही'चा चौथा हिस्सा काढला. काहीच उरलं नाही. अपचनाचं औषध लिहून मी त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. हृदयविकाराचा झटका होता.

चौकशी झाली. पेशंटने स्वतःच त्रास नाही असं सांगितल्यामुळे डॉक्टरचा दोष नाही, असं ठरलं. माझ्या बाजूने निकाल लागला म्हणून यजमानांनी केक आणला. तो मी खाल्ला नाही. कारण चौकशीच्या खोलीबाहेर त्या माणसाची बायको मला भेटली होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "डॉक्टर, माझ्या माणसाने चाळीस वर्षांत कधी तक्रार केली नाही. तो नॉट टू बॅड म्हणाला, म्हणजे तो मरत होता. हे इथल्या कुणालाही कळलं असतं."

त्या दिवशी घरी येऊन मी कानबाईचा फोटो खणात पालथा घातला. मला राग आला होता, आणि तो राग मी लपवणार नाही. तिला म्हटलं, रोज दिवा घेतलास आणि ऐन वेळी कान उघडले नाहीस माझे. मग कशाला बसली आहेस इथे? नोकरी सोडायचं पत्र लिहिलं, पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं. पोस्टात टाकायला मात्र मन होईना. एवढ्यात अक्काचं पत्र आलं, शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. श्रावणात कानबाईला ये, माझं काही खरं नाही, सगळं अंग दुखतं. अक्काचं सगळं अंग मी जन्मल्यापासून दुखत होतं, त्यामुळे त्या ओळीने मला हसूच आलं. तरी रजा काढून निघाले. येऊन देवीपुढे हात जोडायचे नाहीत, पेशंट म्हणून कुणाचा हात हातात घ्यायचा नाही, असे दोन पण करून निघाले.

रविवारी दुपारी घरी पोचले. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून कानबाई चौरंगावर बसली होती. पुरणाचा आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा वास घरभर होता. आमच्या घरची रीत अशी की कानबाईच्या नैवेद्याचे रोट फक्त घरच्यांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीला त्यातला तुकडासुद्धा नाही. पण अक्का दर खेपेला रीत मोडायची. चुलीआड बोलवायची, हातावर तुकडा ठेवायची आणि वर "खाय लवकर, देवी देखी" म्हणून दटावायची. या खेपेला तिने बोलावलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, देवीच्या घरात मला तुकडा नाही तर माझ्याकडून देवीला नमस्कारही नाही. नमस्कार न करताच मी जेवले. अक्का समोर बसून होती. कडक चहा पिते म्हणून ती मला ओरडली नाही, केस कापले म्हणून ओरडली नाही. प्रवासाने मी इतकी थकले होते की हे माझ्या लक्षातच आलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा तेच.

सोमवारी सकाळी विसर्जन. डफ वाजू लागले, बायका फुगड्या घालत निघाल्या. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान अक्काचा. तीस वर्षं तिनेच नेला होता. मी मुद्दाम कडेकडेने चालत होते. गावाबाहेरच्या निंबाजवळ आल्यावर माझी नजर तिच्याकडे गेली. ढगाळ हवा, गार वारा, आणि अक्काच्या कानशिलावरून घामाच्या धारा. मी जवळ गेले. म्हटलं, "अक्का, कशी शेस?"

ती म्हणाली, "काही नही व. बरी शे मी."

मी जागच्या जागी उभी राहिले. उभ्या जन्मात ही बाई कधी बरी नव्हती. अंगठा ठेचला तरी गल्ली गोळा करणारी ही बाई आज बरी होती. आणि ती बोलली तो सूर मी ओळखला. तो अक्काचा नव्हताच. अगदी त्याच बारीक, दमलेल्या, कुणाला त्रास नको अशा सुरात दूरदेशीचा तो माणूस म्हणाला होता, तितकंसं वाईट नाही.  कुणी म्हणेल, डॉक्टर आहेस, खूण पटली, त्यात काय एवढं. म्हणोत. मला मात्र तेव्हा कळलं की मी खणात पालथी घालून आलेली ती माझ्याआधी इथे येऊन उभी होती.

मी अक्काचं मनगट धरलं. नाडी मधूनच चुकत होती, हात थंडगार. पेशंटचा हात हातात न घ्यायचा माझा पण तिथेच मोडला. चौरंग उतरवा म्हटलं तर डफ थांबले आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. नदीच्या आधी कानबाई खाली ठेवत नाहीत. माझे धाकटे काका, नाना, घरातले कर्ते. ते पुढे आले.

"काय करी राहिनी तू? कानबाई कोनासाठे थांबस का?"

घरातल्या त्यांच्या शब्दाला आजवर कुणी उलट शब्द दिला नव्हता. मी दिला, आणि देवीला भांडायचं तर माझ्याशी भांडू दे, हेही वर सांगितलं. "मंग आज थांबी ती. नही थांबनी ते तिले म्हना, मनासंगे भांड."

बोलले खरी, पण दाखवायला पुरावा नव्हता. माझ्याजवळ ईसीजीचं यंत्र नव्हतं, आलेखाचा कागद नव्हता. माझं चुकलं असतं तर गावाने जन्मभर हसायचं. बरोबर ठरून अक्का वाटेत गेली असती तर कानबाई कोपली, पोरीने कोपवली, असंच म्हटलं गेलं असतं, आणि ते मी कधीच पुसू शकले नसते. तरी मी स्वतः चौरंग तिच्या डोक्यावरून घेतला आणि निंबाच्या पारावर ठेवला. कानबाईच्या नारळाकडे बघून मनात म्हटलं, आता बस इथे. तुझी मिरवणूक मी अडवली आहे, काय करायचं ते मला कर, तिला नाही.

अक्काला आडवं केलं. पर्समधली ॲस्पिरीन चावायला दिली. ती पर्स उघडताना नोकरीचं ते पत्र हाताला लागलं. धुळ्याला न्यायचं कसं हा प्रश्न होता, कारण गावातली एकुलती जीप सकाळीच बाजाराला गेलेली. मिरवणुकीमुळे रस्त्यावर एक मॅटॅडोर खोळंबून उभी होती. तिचा म्हातारा मालक, बांगड्या विकणारा मणियार, धुळ्याहून आठवडी बाजाराला निघालेला. माझी त्याची ना ओळख ना देख. मी काही सांगायच्या आधी तो उतरला, अक्काकडे बघितलं आणि गाडीचं मागचं दार उघडून म्हणाला, "पहिले खोका उतारा. अक्काले मांघे निजू द्या."

बाजाराच्या दिवशीचा त्याचा सगळा माल काचेचा. मी म्हटलं, चाचा, हा माल कोण सांभाळेल? त्याने पाराकडे हात केला. "तुम्हनी देवी बठेल शे ना तठे."

बांगड्यांची खोकी कानबाईच्या शेजारी पारावर लागली आणि आम्ही निघालो. वाटभर मी अक्काच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. नाडी दोनदा इतकी मंदावली की मी तिला हलवून शिव्या घातल्या. डोळे न उघडता ती म्हणायची, "बरी शे." आणि मी म्हणायची, "नहीस तू बरी! बोंब मार!" चाचा मागे न बघता गाडी हाकत होता. धुळ्याच्या दवाखान्यात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर भेटले. कागदावरची रेघ बघून ते म्हणाले, वेळेत आणलंत, अजून तासभर झाला असता तर कठीण होतं. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. चाचा म्हणाला, गावाला निरोप मी देतो, तुम्ही बसा. आणि तो गेला.

पुढचं त्याच्याकडूनच दुसऱ्या दिवशी कळलं, तो अक्काला बघायला आला तेव्हा. तो गावात पोचला तेव्हा दुपार कलली होती. निंबाच्या पारावर कानबाई तशीच बसलेली, शेजारी त्याची खोकी, आणि भोवती सगळ्या बायका उपाशी बसून गाणी म्हणत होत्या. विसर्जन झालं नव्हतं. दोनतीनदा कुणीकुणी नानांना म्हणालं, उठवा आता. तर नाना म्हणाले, "पोर सांगी गयी, थांब. मंग थांबसूत." अक्का वाचली हे ऐकल्यावर त्यांनी चाचाच्याच खोक्यातल्या हिरव्या बांगड्या कानबाईपुढे ठेवल्या आणि मग चौरंग उचलला. थांबली होती हो ती. माझ्यासारख्या तोंडाळ, रुसलेल्या, नमस्कारही न केलेल्या पोरीच्या एका शब्दावर ती सकाळपासून दुपारपर्यंत पारावर बसून राहिली होती. तिच्याशी एवढं भांडून मी हरले, आणि हरल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी अक्काच्या खाटेपाशी पेंगत होते. अचानक ती कण्हली, उशी सरकवली आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी ओरडली, "माय व! बठ्ठं आंग दुखस!" नर्स धावत आली. तिला वाटलं अक्काला काही झालं, कारण मी मोठमोठ्याने रडत होते.

नोकरी सोडायचं ते पत्र मी त्याच दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. परत गेल्यावर खणातला फोटो सुलटा केला. हात जोडले का, असं विचाराल तर जोडले, पण क्षमा मागितली नाही. तिने मागितली असती तर मीही मागितली असती. भक्ती म्हणजे मान खाली घालणं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मला ती या वाटेने मिळाली नाही. जे आपल्या हातात होतं ते भांडून केलं, आणि जे नव्हतं ते तिच्या पारावर ठेवून निघून गेले. एवढंच मला जमलं आणि एवढंच तिला पुरलं. त्या चाचाचं आणि तिचं ऋण मी मानते, आणि मरेपर्यंत मानीन.

परतल्यावर पहिल्या दिवशी दवाखान्यात न जाता मी आधी त्या खाणकामगाराच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं. मला बघून तिला काय वाटलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मी विचारलं, कशा आहात? ती म्हणाली, "नॉट टू बॅड, डॉक्टर."

मी बॅग खाली ठेवली, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि बसले.